डॅट आणि एडॅटच्या टेप संगणकात उतरवण्याआधीची तयारी

मूळ टेप मशीनमध्ये घालणे हे या यादीतले जवळजवळ शेवटचे काम आहे. १९९०च्या दशकात डॅटवर (छोट्या कॅसेटवरचे स्टिरिओ डिजिटल रेकॉर्डिंग) किंवा एडॅटवर (एस-व्हीएचएस, म्हणजे व्हिडिओच्या कॅसेटवरचे आठ ट्रॅकचे) झालेले रेकॉर्डिंग आज पुन्हा किती वेळा धडपणे वाजेल, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. टेपही म्हातारी, मशीनही म्हातारे. म्हणून केबल, क्लॉक (सॅम्पलची वेळ राखणारे घड्याळ), सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने), डिस्क, वीज असे जे जे मूळ टेपला हात न लावता तपासता येते, ते सगळे आधी उरकावे. त्यासाठी एक डॅट आणि एक एस-व्हीएचएस टेप चाचणीपुरती बाजूला ठेवा. तिच्यात काही महत्त्वाचे नसावे आणि ती खराब झाली तरी हळहळ वाटू नये.

आधी मशीनच्या पाठीमागची पाटी वाचा. जपानी बाजारासाठी बनलेली डॅट मशीन १०० व्होल्टची असतात, अमेरिकेतून आलेली १२० व्होल्टची. आपल्याकडच्या २३० व्होल्टमध्ये थेट खोचली तर पहिल्याच क्षणी पॉवर सप्लाय उडतो. योग्य आउटपुटचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि १०० व्होल्टच्या मशीनला ११० व्होल्टचा लावून वेळ मारून नेऊ नये. संगणकाइतकीच मशीनलाही यूपीएसची गरज असते. वीज मध्येच गेली तर टेप ड्रमभोवती, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याभोवती गुंडाळलेली, ताणलेल्या अवस्थेत अडकून राहते. वीज आल्यावर काही मशीन ती नीट परत घेतात, काही चुरगाळतात. भारनियमनाच्या भागात तर यूपीएस नसेल तोवर कामाला बसूच नये.

आता जोडणी. डॅट मशीनला सहसा तीनपैकी एक डिजिटल आउटपुट असतो. आरसीए पिनचा कोअॅक्सियल आणि टॉसलिंकचा ऑप्टिकल, हे दोन्ही स्पीडिफ, म्हणजे घरगुती मशीनची डिजिटल जोडणी. मोठ्या स्टुडिओच्या मशीनला एक्सएलआरचा एईएस, म्हणजे व्यावसायिक जोडणी. कोअॅक्सियलसाठी ७५ ओहमची केबल हवी. सीडी प्लेअरबरोबर मिळणारी पांढरी-लाल ऑडिओ केबल दिसायला तशीच असते आणि अर्ध्या मीटरवर बहुतेक वेळा चालूनही जाते, पण लांबी वाढली की तिच्यात सिग्नल परावर्तित होतो आणि मधूनच टिचकी ऐकू येते. मधूनच येणारी टिचकी शोधण्यात अख्खा दिवस जातो, तेव्हा केबलवर दोन पैसे जास्त गेलेले बरे. एईएससाठी ११० ओहमची केबल लागते. त्याजागी माइकची साधी केबल घेतली तर तोच धोका. शिवाय एईएसची एक्सएलआर चुकून माइक इनपुटमध्ये जाणार नाही, याकडे लक्ष असू द्या. तिथे फँटम पॉवर (माइकला केबलमधून दिली जाणारी वीज) चालू असेल तर ४८ व्होल्ट उलटे मशीनच्या आउटपुटवर जातात.

एईएस आणि स्पीडिफ यांची माहिती लिहिण्याची पद्धत जवळपास एकच आहे, पण व्होल्टेज वेगळे. स्पीडिफचा सिग्नल सुमारे अर्ध्या व्होल्टचा, एईएसचा २ ते ७ व्होल्टचा. त्यामुळे एक्सएलआरची पिन कापून आरसीए डकवण्याचा उद्योग करू नये. मध्ये रीतसर ट्रान्सफॉर्मर किंवा कन्व्हर्टर लावावा. घरगुती वापराच्या मशीनमध्ये एससीएमएस नावाची कॉपी रोखणारी खूण सिग्नलबरोबर येते. एका डॅटवरून दुसऱ्या घरगुती डॅटवर कॉपी करताना ती आडवी येते. संगणकाचे बहुतेक इंटरफेस (आवाज संगणकात आत-बाहेर नेणारी पेटी) तिच्याकडे दुर्लक्ष करतात, तरी चाचणीच्या टेपवर हेही पाहून ठेवा.

एडॅटचे प्रकरण निराळे. अलेसिस कंपनीचे हे मशीन १९९२ साली बाजारात आले. एस-व्हीएचएस कॅसेटवर ८ ट्रॅक, १६ बिट. टी-१२०च्या कॅसेटवर जेमतेम ४० मिनिटे. त्याच्या ऑप्टिकल केबलमधून आठही ट्रॅक एकदम बाहेर येतात. घोटाळा असा, की केबल आणि सॉकेट टॉसलिंकचेच आहेत. स्पीडिफची ऑप्टिकल आणि एडॅटची ऑप्टिकल शेजारीशेजारी ठेवली तर फरक दिसत नाही, पण आतली भाषा पूर्ण वेगळी. इंटरफेसच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल इनपुटसमोर स्पीडिफ निवडलेले असेल तर एडॅट लॉक होणार नाही, म्हणजे इंटरफेस त्याच्या सिग्नलशी जुळणार नाही, आणि उलटही तेच. लाल उजेड दिसतोय म्हणजे जोडणी बरोबर आहे, असे धरून चालू नका. नव्या टॉसलिंक केबलच्या टोकांना पारदर्शक टोपणे असतात, ती काढायची राहतात. सॉकेटमधले रबरी बूच तर हमखास राहते. केबल ५ मीटरच्या आत ठेवा, आणि रॅकमागून नेताना तिला काटकोनात वाकवू नका. आतला तंतू तडकला की बाहेरून काही कळत नाही.

२० बिटच्या एडॅट मशीनवर, म्हणजे टाइप २ पद्धतीने भरलेली टेप जुन्या १६ बिटच्या मशीनवर वाजत नाही. जुनी टेप नव्या मशीनवर वाजते. म्हणून मशीन भाड्याने किंवा मागून आणण्याआधी कॅसेटवरचे लेबल पाहा, आणि शंका असेल तर २० बिटचेच मशीन आणा. डॅटमध्ये अशीच अडचण लाँग प्ले टेपची: ३२ किलोहर्ट्झ, १२ बिटवर भरलेली टेप स्टुडिओतली बरीच मशीन वाजवतच नाहीत, घरगुती मशीन वाजवतात.

क्लॉककडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावे लागते, कारण बाकीच्या चुका लगेच ऐकू येतात आणि क्लॉकची चूक महिन्याने सापडते. डिजिटल ऑडिओत प्रत्येक सॅम्पल ठरलेल्या क्षणी निघते आणि ठरलेल्या क्षणी घेतले जाते. दोन मशीन आपापल्या क्रिस्टलवर चालली, तर दोन्हींवर ४८ किलोहर्ट्झ लिहिलेले असूनही ती तंतोतंत सारखी नसतात. काही सेकंदांनी एक सॅम्पल जास्तीचे होते किंवा कमी पडते, आणि तिथे टक् असा आवाज येतो. तबल्याच्या जोरकस बोलात तो लपतो. तानपुऱ्याच्या सलग सुरात उघडा पडतो. म्हणून अख्ख्या जोडणीत मालक एकच. टेप वाजवताना तो मालक टेपचे मशीन. मशीनचा क्लॉक इंटर्नलवर, आणि इंटरफेसचा क्लॉक सोर्स स्पीडिफ, एईएस किंवा एडॅट, ज्यातून सिग्नल येतो त्यावर. इंटरफेसचा लॉकचा दिवा स्थिर हवा. तो लुकलुकत असेल तर आवाज येत असला तरी रेकॉर्ड करू नका. घरगुती डॅट मशीनला बाहेरचा क्लॉक घ्यायची सोयच नसते, तेव्हा तिथे दुसरा पर्यायही नाही.

स्टुडिओत वेगळा मास्टर क्लॉक असेल आणि सगळे मशीन त्यावर चालवायचे असेल, तर बीएनसीच्या ७५ ओहम केबलने वर्ड क्लॉक (नुसता क्लॉकचा सिग्नल) द्या. टी-कनेक्टरने साखळी केली असेल तर ७५ ओहमचे टर्मिनेशन (केबलच्या टोकाचा रोध) फक्त शेवटच्या मशीनवर हवे. मधल्या कुणावर चालू राहिले तर पुढच्यांना सिग्नल अर्धामुर्धा पोचतो.

इंटरफेसच्या डिजिटल इनपुटवर सॅम्पल रेट कन्व्हर्टर असेल तर तो बंद करा. तो चालू असला की क्लॉक चुकलेला असूनही टिचक्या येत नाहीत, म्हणून तो सोयीचा वाटतो. पण तो प्रत्येक सॅम्पल नव्याने मोजून काढतो. टेपवर जे आहे ते तसेच्या तसे उतरवायचे असेल तर तो वाटेत नको.

सॅम्पल रेट टेपच्या लेबलवरून ठरवू नका, मशीनच्या पडद्यावरून ठरवा. डॅटवर ४८ आणि ४४.१ दोन्ही चालतात, आणि एकाच टेपवर अर्धा कार्यक्रम एका रेटने, उरलेला दुसऱ्याने भरलेला सापडतो. टेप नसताना कित्येक मशीन ४८ पाठवत राहतात आणि ४४.१ची टेप सुरू झाली की बदलतात. सॉफ्टवेअरला हा बदल कळेलच असे नाही. ४८ने भरलेला एक तासाचा कार्यक्रम ४४.१च्या फाइलमध्ये पडला तर वाजवताना ६५ मिनिटे १८ सेकंदांचा होतो आणि जवळजवळ दीड सेमीटोनने (हार्मोनियमच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांतले अंतर म्हणजे एक सेमीटोन) उतरतो. काळी चारचा गायक पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मध्येच कुठे तरी जाऊन पडतो. सगळेच एकसारखे उतरलेले असल्याने सवयीच्या कानालाही काही वेळा पत्ता लागत नाही. हार्मोनियमशी ताडून पाहावे. पहिल्या पिढीच्या काळ्या एडॅटवर ४४.१ची वेगळी कळ नव्हती, पिच १४७ सेंटने (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन) खाली आणून तो रेट मिळवत. त्यामुळे पिचचा आकडा शून्यावर आहे की मुद्दाम बदललेला, हे कॅसेटबरोबरच्या ट्रॅक शीटवर शोधा.

संगणकावर प्रोजेक्टचा रेट टेपचाच ठेवा. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजचा मिक्सर टाळून थेट इंटरफेसशी बोलणारा) वापरा आणि सिस्टीमचे आवाज बंद करा. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये रेट आणि क्लॉक सोर्स दोन्ही डोळ्यांनी पाहा. फाइल ब्रॉडकास्ट वेव्ह प्रकारची. ट्रॅकवर एकही प्लगइन नको, फेडर (लेव्हलची सरकती कळ) शून्यावर, डिदर (बिट कमी करताना मिसळला जाणारा बारीक गोंगाट) बंद. स्लीप, वाय-फाय, अपडेट, अँटिव्हायरसचे स्कॅन थांबवा. जागेचा हिशेब सोपा आहे: १६ बिट ४८चा स्टिरिओ मिनिटाला साडेअकरा एमबी खातो, म्हणजे १२० मिनिटांची डॅट सुमारे १.४ जीबी. एडॅटचे आठ ट्रॅक २४ बिटच्या फाइलमध्ये घेतले तर ४० मिनिटांना पावणेतीन जीबीच्या आसपास. हे उतरवणे टेपच्याच वेगाने होते, टेप जितकी तितकाच वेळ. घाई करायला वाव नाही.

मग टेपकडे वळा. पावसाळ्यात मुंबई, कोकण, गोव्यात कपाटातून काढलेली टेप लगेच घालू नका. वातानुकूलित खोलीत तिला काही तास राहू द्या, थंड मशीनला बाहेरच्या दमट हवेत उघडू नका. डॅट मशीनवर ड्यूची खूण लागली की ड्रमवर दव आहे, मशीन कोरडे होईपर्यंत थांबा. कॅसेटची झडप उचलून टेपच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते का पाहा. दिसली तर ती टेप घालायचीच नाही. तिच्यामुळे हेड बरबटतात आणि मग पुढच्या चांगल्या टेपही जातात. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. रेकॉर्ड रोखण्याची व्यवस्था दोन्हींची वेगवेगळी: डॅटमध्ये खालची सरकती पट्टी उघडून भोक दिसले की टेप सुरक्षित, एस-व्हीएचएसमध्ये मागचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडलेला असला की सुरक्षित. तो शाबूत असेल तर आत्ताच मोडा. एडॅटवर चुकून फॉरमॅटची कळ दाबली गेली तर आठही ट्रॅक जातात.

हेड साफ करायला कापसाचे बोळे नकोत. कापसाचा धागा हेडच्या टोकाला अडकतो. शॅमॉयची (मऊ चामड्याची) काडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ती ड्रमवर स्थिर धरा आणि ड्रम हाताने आडवा फिरवा. काडी कधीही वरखाली घासू नका, हेड तुटतो. पूर्ण वाळल्यावर चाचणीची टेप लावा.

या चाचणीत चार गोष्टी पाहायच्या. लॉक स्थिर आहे का. आउटपुट खरेच टेपचा आहे का. एडॅटवर ऑल इनपुट (टेपऐवजी इनपुट ऐकवणारी कळ) चालू राहिले तर बाहेर शांतता येते आणि माणूस टेप रिकामी समजतो. ट्रॅक १ संगणकातही १ वरच पडतोय का. आणि बिट मीटरवर १६ बिटच हलतात का: १६ बिटची टेप २४ बिटच्या फाइलमध्ये घेतली की खालचे ८ बिट शून्य राहायला हवेत. ते हलत असतील तर वाटेत कुठे तरी फेडर, डिदर नाहीतर कन्व्हर्टर जिवंत आहे. या सगळ्या वेळात स्पीकरचा आवाज खाली ठेवा. लॉक तुटताना पूर्ण लेव्हलचा खरखराट येऊ शकतो, तो ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा स्पीकर जाळतो.

मूळ टेप आता लावा. बुरशी नसेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, म्हणजे थर सुटे होतात. सुरुवातीचे पंधरा-वीस सेकंद वाजवून लॉक आणि रेट पाहा, मागे न्या, आधी संगणकावर रेकॉर्ड आणि मग मशीनवर प्ले. एररचा दिवा किंवा आकडा मशीनवर असेल तर तो कोणत्या मिनिटाला लागला ते कागदावर लिहीत जा. थोडी चूक मशीन दुरुस्त करते, जास्त असेल तर अंदाजाने भरते, त्याहून जास्त असेल तर आवाज बंद करते. अंदाजाने भरलेली जागा ऐकून कळत नाही, म्हणून ती नोंद लागते. गाणे दोन एडॅट टेपवर मिळून १६ ट्रॅकचे असेल आणि मशीन एकच असेल, तरी घाबरू नका. दोन्ही टेप एकाच क्लॉकवर भरलेल्या असल्याने डिजिटलमधून घेतल्यावर सॅम्पल मोजून सारखेच भरतात. फक्त सुरुवात जुळवावी लागते. दोन मशीन असतील तर ९ पिनची सिंक केबल पहिल्याच्या आउटमधून दुसऱ्याच्या इनमध्ये.

टेप निरोगी असेल तर दुसऱ्यांदा वाजवून दुसरी फाइल घ्या. दोन्ही सॅम्पलवर जुळवा, एकीची पोलॅरिटी उलटी करा (लाटेची वरची बाजू खाली) आणि बेरीज ऐका. पूर्ण शांतता असेल तर दोन्ही उतारे एकच आहेत. जिथे टिचकी उरते तिथली मिनिटे एररच्या नोंदीशी ताडा, आणि दोन्हींपैकी जो तुकडा चांगला तो ठेवा. शांतता कुठेच नाही, सगळीकडे बारीक आवाज उरतो, असे झाले तर टेपला दोष न देता पुन्हा क्लॉक सोर्सची खिडकी उघडा. या दोन्ही फाइल दोन वेगळ्या डिस्कवर जाईपर्यंत केबल काढू नका, मशीन परत पाठवू नका. टेप पूर्ण मागे गुंडाळून, डबीत उभी ठेवा.