पॉटचं आईस्क्रीम: मीठ किती आणि कोणतं

दूध आटवणं, साखर, आमरस हे तुम्हाला येतंच. मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये गार करा, पॉटचा, म्हणजे बादलीत बसवून दांड्याने फिरवायचा, डबा पाऊणच भरा, बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून सुपारीएवढी फोडा. खरी गोम पुढे आहे.

‘बर्फावर मूठभर मीठ टाका’ असं सांगणाऱ्याने पॉट कधी फिरवलेलाच नसतो. मूठ कोणाची, बर्फ किती? ते ऐकून आम्ही एका मे महिन्यात गच्चीवर पाऊण तास दांडा फिरवला आणि शेवटी सगळ्यांनी पेल्यातून गार बासुंदी प्यायली.

नुसता बर्फ शून्य अंशावर वितळतो, आणि साखर घातलेलं दूध गोठायला त्याहून दोन-तीन अंश खाली जावं लागतं. म्हणजे नुसत्या बर्फात जन्मभर फिरवलं तरी काही होणार नाही. मीठ विरघळलं की सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटे होऊन पाण्यात मिसळतात आणि त्या पाण्याला शून्यावर गोठू देत नाहीत. बर्फ वितळतच राहतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता, ग्रॅममागे 80 कॅलरी, डब्यातल्या दुधातून ओढतो. इथे सुट्या कणांची संख्या महत्त्वाची. लिटरभर पाण्यात 58 ग्रॅम मीठ घातलं तर गोठणबिंदू साधारण 3.4 अंश उतरतो. तेवढीच साखर घातली तर जेमतेम 0.3.

माझं प्रमाण वजनाचं: सहा किलो बर्फाला एक किलो जाडं मीठ. तीनास एक घेतलं की मिश्रण उणे 21 पर्यंत जाऊ शकतं, मिठाची मजल तिथवरच. पण तेवढ्या थंडीत कडेचं दूध दगड होतं, दांडा अडकतो आणि मधलं पातळच राहतं. बारीक मीठ नको, ते पाण्याबरोबर थेट तळाशी जातं. बादलीत डब्याभोवती चार बोटं बर्फ, मिठाचा पातळ थर, पुन्हा बर्फ. डीप फ्रीजरमधला बर्फ कोरडा असतो, त्याला मीठ धरत नाही. आधी वाटीभर पाणी शिंपडा. मी हे कळायला तीन उन्हाळे घालवले.

दुसरं मीठ चालेल का? सैंधव म्हणजे महागडं सोडियम क्लोराइडच. एप्सम मिठात मॅग्नेशियम आणि सल्फेट एकमेकांना धरून बसतात, गाडी उणे चारच्या आसपास थांबते. कॅल्शियम क्लोराइडचे तीन आयन सुटतात, ते उणे 50 पर्यंत नेतं. पण कोरडं टाकलं तर विरघळताना स्वतःच तापतं, आणि ते घरच्या कामाचं नाही. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाल्याकडेच राहू द्या, जरी तापमापकवाल्या फॅरनहाइटने 1724 मध्ये आपल्या तापमानाच्या मापाचं शून्य बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणावरून ठरवल्याचं लिहिलं असलं तरी.

दांडा जड झाला की थांबा. खारं पाणी बादलीच्या भोकातून वाहू द्या, झाकणापर्यंत चढू देऊ नका. सगळं मात्र काढू नका, डब्याला थंडी तेच पोचवतं. झाकण पुसल्याशिवाय उघडायचं नाही. एका वर्षी खारट हापूस खाल्लाय आम्ही.

उरलेलं पाणी मोरीत ओता. मोगऱ्याच्या कुंडीत नको. आमचा गेला.