हायपरबॅरिक ऑक्सिजन उपचाराला जाण्यापूर्वीची तयारी

तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन (ज्याला बोलीत 'लाईट' म्हणतात) घेऊन काही महिने, कधी काही वर्षेही उलटतात, आणि मग एखाद्या दिवशी काढलेल्या दाताची जागा भरून येत नाही किंवा जबड्याचे हाड उघडे पडलेले दिसते. ओटीपोटावर रेडिएशन झालेल्यांना लघवीतून किंवा शौचातून रक्त जाऊ लागते. रेडिएशनमुळे त्या भागातील बारीक रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होत जातात आणि तिथे पुरेसा ऑक्सिजन पोहोचेनासा होतो. हायपरबॅरिक ऑक्सिजन उपचारात बंद चेंबरमध्ये वातावरणाच्या साधारण दोन ते अडीच पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की तो रक्तद्रवात नेहमीपेक्षा कितीतरी अधिक विरघळतो, आणि अशा बैठका नियमित झाल्या तर नव्या केशवाहिन्या तयार होण्यास चालना मिळते. बहुधा ३० ते ४० बैठका घ्याव्या लागतात. प्रत्येक बैठक दीड ते दोन तासांची असते आणि आठवड्यातून ५ दिवस जावे लागते, म्हणून तयारीला पहिल्या बैठकीच्या निदान दोन-तीन आठवडे आधी लागावे.

सर्वांत आधी, जखम न भरण्याचे कारण कर्करोग पुन्हा उद्भवणे हे नाही, याची खात्री मूळ कर्करोगतज्ज्ञांकडून करून घ्यावी आणि त्यासाठी स्कॅन किंवा बायोप्सी सांगितली तर ती टाळू नये. रेडिएशनचा एकूण डोस, तो शरीराच्या कोणत्या भागावर दिला आणि कोणत्या तारखांना दिला, हे लिहिलेला कागद रेडिएशन विभागातून मागून घ्यावा; डिस्चार्ज कार्डावर हा तपशील पुष्कळदा अपुरा असतो. केमोथेरपी झाली असल्यास औषधांची नावे लिहून न्यावीत, कारण ब्लिओमायसिन, सिस्प्लॅटिन आणि डॉक्सोरुबिसिन ही औषधे पूर्वी घेतली असतील किंवा अजून चालू असतील, तर चेंबरमध्ये पाठवण्याआधी डॉक्टरांना वेगळा विचार करावा लागतो.

या उपचाराकडून नेमकी काय अपेक्षा आहे, हेही त्याच भेटीत स्पष्ट विचारावे. रेडिएशनमुळे होणाऱ्या मूत्राशयाच्या त्रासासाठी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या रिच-आर्ट या संशोधन-चाचणीत रुग्णांना फायदा दिसला. त्याच वर्षीच्या होपॉन चाचणीत मात्र रेडिएशन झालेल्या खालच्या जबड्यातील दात काढताना खबरदारी म्हणून हा उपचार दिल्याने हाड खराब होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. उपचार घेतलेल्यांत ते ६.४ टक्के होते आणि न घेतलेल्यांत ५.७ टक्के. एवढा वेळ आणि पैसा खर्च करण्यापूर्वी आपला त्रास यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो, हे जाणून घेण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे, आणि असा प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अवमान होतो असे कोणीही मानू नये.

तपासण्यांमध्ये छातीचा एक्स-रे महत्त्वाचा, कारण फुफ्फुसाभोवती हवा साचलेली असेल तर तिच्यावर उपचार झाल्याशिवाय चेंबरमध्ये जाताच येत नाही. दम्याचा त्रास, आकडी, हृदयाची क्षीणता, पेसमेकर, पूर्वीची कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, मोतीबिंदू, यांतले जे असेल ते न विचारताही सांगावे. बऱ्याच बैठकांनंतर काहींना लांबचे धूसर दिसू लागते. हा बदल बहुधा तात्पुरता असतो, तेव्हा उपचार संपून काही महिने होईपर्यंत चष्म्याचा नवा नंबर काढण्याची घाई करू नये.

कानांच्या तयारीला मात्र वेळ द्यावा. दाब वाढू लागला की घाट उतरताना बसतात तसेच कानाला दडे बसतात, आणि गिळून, जांभई देऊन किंवा नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा ढकलून ते सोडवावे लागतात. गळ्यावर आणि जबड्यावर रेडिएशन झालेल्यांची अडचण अशी की तोंड कोरडे असते, गिळायला लाळ नसते आणि तोंड दोन बोटांइतकेही उघडत नाही, त्यामुळे पहिले दोन उपाय त्यांना नीट जमत नाहीत. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावेत, नाक चिमटीत धरण्याची रीत त्यांच्यासमोरच शिकून घरी सराव करावा, आणि आत पाण्याचा घोट घेता येईल का, हे केंद्रात विचारावे. कान दुखू लागताच हाताने खूण करावी. तंत्रज्ञ दाब वाढवणे थांबवतात. वेदना सोसत बसण्यात धीर नाही, त्याने पडद्याला इजा होते. सर्दी किंवा ताप असेल त्या दिवशी फोन करून बैठक पुढे ढकलावी.

आगीबाबतच्या सूचना मनापासून पाळाव्यात. ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी इटलीतील मिलान शहरातल्या गॅलियाझी रुग्णालयाच्या चेंबरमध्ये आग लागून १० रुग्ण आणि एक परिचारिका असे ११ जण दगावले. एका रुग्णाजवळ राहिलेले हात गरम ठेवण्याचे छोटे उपकरण त्याला कारणीभूत ठरल्याचे मानले गेले. ऑक्सिजन जास्त असलेल्या जागी एरवी निरुपद्रवी वाटणारी वस्तूही भडकते. त्यामुळे मोबाईल, घड्याळ, श्रवणयंत्र, लायटर आणि काडेपेटी बाहेरच राहिली पाहिजे. कपडे केंद्राने दिलेले, शुद्ध सुती असावेत. नायलॉनची साडी किंवा टेरिकॉटचा सदरा चालत नाही. आदल्या रात्रीपासून डोक्याला खोबरेल लावू नये, बाम, अत्तर, पावडर आणि नेलपॉलिश टाळावे. रेडिएशननंतर ओठ फुटतात म्हणून पुष्कळ जण सतत जेली लावतात, पण पेट्रोलियमयुक्त असल्याने ती चेंबरमध्ये धोक्याची आहे. तिच्याऐवजी पाण्यात मिसळणारे काय लावता येईल ते विचारून ठेवावे. जखमेवरच्या मलमपट्टीलाही हाच नियम आहे, आणि घरी ड्रेसिंग करणाऱ्या व्यक्तीला तो आधी सांगावा लागतो.

मधुमेह असल्यास साखर बैठकीआधी आणि नंतर तपासावी, कारण आत ती उतरू शकते. उपाशीपोटी जाऊ नये आणि त्या दिवशीच्या इन्सुलिनबद्दल डॉक्टरांना विचारावे. लघवीची नळी किंवा श्वासनलिकेची ट्यूब असल्यास फुग्यात हवेऐवजी पाणी भरणे आवश्यक असते, तेव्हा ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगावी. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट पूर्ण सोडावी. निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि जी जखम भरावी म्हणून सगळी धडपड चालली आहे, ती भरायला अडथळा आणते.

बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी आधी एकदा चेंबर पाहून यावे. एकाच रुग्णासाठी असलेल्या आणि अनेकांना सोबत बसवणाऱ्या चेंबरमध्ये आतला अनुभव बराच वेगळा असतो. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी राहण्याची सोय आणि सोबतीला येणाऱ्याची रजा संपूर्ण कालावधीसाठी ठरवावी, आणि विम्याची मंजुरी पहिल्या बैठकीआधी लेखी घ्यावी. शेवटच्या बैठकीनंतरही जखम अनेक आठवडे भरत राहू शकते, तेव्हा मूळ कर्करोगतज्ज्ञांच्या तपासणीची तारीख उपचार चालू असतानाच घेऊन ठेवावी आणि त्या भेटीला बैठकांची नोंद असलेली फाईल सोबत न्यावी.