जुन्या गाडीचे हेडलाइट उजळायचे तर बल्बच्या आधी व्होल्टेज मोजा

माझ्याकडे बाबांची 1965 सालची मॉरिस मायनर आहे. बाबा ती दिवस मावळायच्या आत घरी आणून लावायचे. अंधारात तिच्या दिव्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. गाडी माझ्याकडे आली तेव्हा पहिलं काम मी हेच हातात घेतलं, कारण संध्याकाळी सहानंतर घराबाहेर काढता न येणारी गाडी मला नको होती.

सुरुवात चुकली. जुने सीलबीम (बल्ब, रिफ्लेक्टर आणि काच एकत्र बंद केलेले दिवे) काढले, नव्या काचा आणि हॅलोजन बल्ब आणून बसवले, आणि फरक जेमतेम जाणवला. मग मल्टिमीटर घेतला. डिपर (जवळचा, खाली पडणारा झोत) लावला आणि बॅटरीवर मोजलं तर 12.2 व्होल्ट. बल्बच्या दोन टोकांमध्ये मोजलं तर 10.6. म्हणजे वाटेतच 1.6 व्होल्ट गळत होते.

आकडा किरकोळ वाटतो, पण फिलामेंटच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने कमी होतो. साधारण 3.4 व्या घाताने. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की प्रकाश तीस टक्के जातो. माझ्या गाडीत एक तृतीयांशाहून जास्त उजेड वायरींमध्येच संपत होता. म्हणून तुम्हीही काहीही विकत घेण्याआधी हे मोजून घ्या.

मोजायचं असं. दिवे लावलेलेच ठेवा, कारण करंट वाहत नसेल तर घट दिसतच नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या जिवंत टोकावर, दुसरी बल्बच्या डिपरच्या टोकावर. जो आकडा येईल ती पुरवठ्याच्या वाटेतली घट. मग एक पिन बॅटरीच्या अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या टोकावर आणि दुसरी बल्बच्या अर्थवर. ही परतीच्या वाटेतली घट. माझ्याकडे पहिली 1.1 आणि दुसरी 0.5 आली. दोन्ही मोजा, अर्थ विसरू नका. जुन्या गाडीत अर्थ बऱ्याचदा दिव्याच्या पत्र्याच्या वाटीतून बॉडीत जातो, आणि त्या वाटीमागे गंज हमखास असतो.

घट होते कुठे? या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट कंट्रोल बॉक्समधून डॅशबोर्डवरच्या स्विचला, तिथून पायाखालच्या डिपर स्विचला आणि मग पुढच्या जाळीमागच्या बुलेट कनेक्टरांतून (वायरी जोडणाऱ्या गोल खटक्यांतून) दिव्यांना जातो. साठ वर्षांत प्रत्येक सांध्यावर काळा थर बसलेला. आणि या सर्किटला मुळात फ्यूजच नाही. उजेडाचं सोडा, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा हे काम करावं.

उपाय म्हणजे रिले, छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. जुना स्विच आणि जुन्या वायरींनी फक्त रिलेला इशारा द्यायचा. त्याला लागतो जेमतेम 0.15 ते 0.2 अँपिअर. दिव्यांचा खरा करंट बॅटरीपासून नव्या जाड वायरने थेट न्यायचा. दोन रिले घ्या, एक डिपरला आणि एक अप्परला (लांबच्या झोताला). साधे चार पिनांचे, 30 अँपिअरचे. पिनांवर आकडे असतात: 30 वर बॅटरीकडून येणारी वायर, 87 वरून दिव्यांकडे, 86 वर इशारा, 85 ला अर्थ.

माझी गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं आहे. तुमचीही तशी असेल तर इथे थांबून नीट वाचा. साध्या रिलेच्या कॉइलला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) दिशेचा फरक पडत नाही. पण काही रिलेंच्या पोटात कॉइलला समांतर डायोड असतो, जो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. तो उलटा जोडला गेला तर इशारा मिळताच शॉर्ट होतो. रिलेच्या अंगावर आकृती छापलेली असते, त्यात डायोडची खूण दिसली तर तो बाजूला ठेवा. बिनडायोडचा किंवा रेझिस्टरचा घ्या.

वायरचा हिशोब सोपा आहे. 55 वॅटचे दोन दिवे म्हणजे 110 वॅट, बारा व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर. 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर नेली तर एवढ्या करंटला जवळजवळ 0.8 व्होल्ट खाते. 2.5 ची वायर 0.3 च्या आसपास. मी बॅटरी ते रिले 4 ची घेतली आणि रिलेपासून दिव्यांपर्यंत 2.5 ची. अर्थची वायरही तितकीच जाड हवी, तिच्यातून तेवढाच करंट परत येतो.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची अर्थची वायर काढा. अर्थच आधी, म्हणजे पान्हा बॉडीला लागला तरी ठिणगी पडणार नाही.

रिले मी रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्यावर, पिना खाली करून बसवले. पाणी उडालं तरी आत साचत नाही. मुख्य पुरवठा स्टार्टर सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टवरून घेतला. तिथून जमेल तितक्या जवळ मुख्य फ्यूज. त्यापुढे रिले, आणि रिलेनंतर प्रत्येक दिव्याच्या प्रत्येक फिलामेंटला स्वतःचा 10 अँपिअरचा फ्यूज, म्हणजे चार. एकच फ्यूज ठेवला असता तर तो उडाल्याबरोबर दोन्ही दिवे एकदम गेले असते, आणि रात्री वळणावर दोन्ही दिवे जाणं म्हणजे काय हे कुणालाही अनुभवावं लागू नये.

इशाऱ्याच्या वायरी शोधायला ब्रिटिश गाड्यांचे रंग कामी येतात. निळी-लाल डिपरची, निळी-पांढरी अप्परची, काळी अर्थची. पुढच्या बुलेट कनेक्टरपाशी या दोन निळ्या वायरी सोडवून त्या रिलेच्या 86 ला दिल्या. मूळ वायरिंग कुठेही कापलं नाही. उद्या कुणाला गाडी जशीच्या तशी परत हवी असेल तर अर्ध्या तासात होईल. अप्परचा डॅशबोर्डवरचा निळा दिवाही पूर्वीसारखाच लागतो.

अर्थसाठी प्रत्येक दिव्याच्या होल्डरपासून स्वतंत्र वायर काढून दोन्ही एका बोल्टखाली आणल्या आणि तिथून बॅटरीच्या अर्थपर्यंत नेल्या. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नीट क्रिम्प केले, म्हणजे दाबून बसवले, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. मला विचाराल तर सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे घालवा.

आता बल्ब. सात इंची गोल सीलबीमच्या जागी एच4 बल्बची काच सरळ बसते. माझे सीलबीम 60/45 वॅटचे होते, एच4 60/55 चा. डिपरवर दोन्ही दिवे मिळून फक्त 20 वॅट वाढले. माझा डायनॅमो 22 अँपिअरचा आहे. डिपर 9, बारीक दिवे 2, इग्निशन 3 ते 4, वायपर 2 ते 3, म्हणजे सोळा ते अठरा. भागतं, पण गाडी आयडलवर असताना डायनॅमो चार्ज करत नाही, म्हणून लांबवर थांबायचं असेल तेव्हा मी हेडलाइट बंद करून बारीक दिवे ठेवते. 100/90 वॅटचे बल्ब मिळतात, ते नकोत. डायनॅमो पुरा पडत नाही आणि उष्णतेने रिफ्लेक्टर खराब होतो. बऱ्याच देशांत ते रस्त्यावर चालतही नाहीत.

हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी बल्बही मी लावले नाहीत. एच4 मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक बारीक वाटी असते, तिच्यामुळेच प्रकाशाची वरची कड कापल्यासारखी सरळ पडते. रिफ्लेक्टर आणि काच त्या नेमक्या जागेवरच्या फिलामेंटसाठी घडवलेली असते. उगम जरा हलला की प्रकाश पसरतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. भिंतीवर लख्ख दिसतं, रस्त्यावर दूरचं दिसत नाही.

काच घेताना वाहतुकीची बाजू बघा. डिपरची कड रस्त्याच्या काठाकडे वर चढते, म्हणून डाव्या आणि उजव्या वाहतुकीच्या काचा वेगळ्या असतात. चुकीची लावलीत तर ती चढती कड थेट समोरून येणाऱ्यावर जाईल. रिफ्लेक्टरच्या आत कापड फिरवू नका, तो थर इतका पातळ असतो की एका पुसण्यात ओरखडे पडतात. बल्बच्या काचेलाही बोट लावायचं नाही. लागलंच तर स्पिरिटने पुसा, नाहीतर तेलकट डागापाशी काच जास्त तापून बल्ब लवकर जातो.

शेवटी फोकस. सपाट जमिनीवर भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी, आणि चालकाच्या जागी कुणीतरी बसलेलं हवं. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरची आडवी कड त्या रेषेच्या 10 सेंटिमीटर खाली यायला हवी, म्हणजे एक टक्का उतार. तुमच्याकडच्या नियमात वेगळा आकडा असेल तर तो धरा. वरच्या स्क्रूने कड वरखाली होते, बाजूच्याने डावीउजवीकडे. एका वेळी एकच दिवा, दुसरा कापडाने झाकून. बल्ब बदलला की हे पुन्हा करायचं.

सगळं जोडून झाल्यावर मी परत मोजलं. बॅटरीवर 12.2, बल्बवर 11.9. पहिल्या रात्री अर्धा तास डिपर लावून गाडी चालवली, मग बॉनेट उघडून प्रत्येक फ्यूज आणि लगवर हात ठेवून बघितला. डावीकडचा एक लग कोमट लागला. तो कापून दुसरा क्रिम्प केला.