भाच्याला त्याचा आजार सांगताना

माझा भाचा जन्मापासून एचआयव्हीसह जगतोय. वहिनी गेल्यापासून तो माझ्याकडे, निपाणीत. आपल्या भागात अशी पोरं सांभाळणाऱ्या आज्या, मावश्या, आत्त्या पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते.

सुरुवात गोळीपासून करा. 'ही ताकदीची गोळी' म्हणू नका. पोरगं पळायला-खेळायला लागलं की म्हणतं, आता ताकद आली, गोळी कशाला? 'तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला वाढू देत नाही, म्हणून रोज ठरल्या वेळी घ्यायची.' सहा-सात वर्षांच्या पोराला एवढं पुरतं. पुढं विचारेल तसं थोडं थोडं वाढवत न्या, आणि बारा वर्षांच्या आत आजाराचं नाव सांगा. शाळकरी वयातल्या मुलाला त्याचं निदान सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ सालीच म्हटलंय.

थांबलात तर तो स्वतःच वाचेल. आपल्याला कन्नड पाट्या वाचता येत नसतील, पण मराठी शाळेतल्या पोरांनाही कन्नड शिकवतात. एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राच्या, भिंतीवरचे फलक रांगेत बसल्या बसल्या वाचून होतात.

नाव सांगायच्या आधी तिथल्या समुपदेशकांशी बोला. परीक्षा, जत्रा, पाहुणे नसलेला दिवस निवडा. सकाळीच सांगा, म्हणजे दिवसभर त्याला तुमच्याकडं येऊन विचारता येईल.

'आत्ती, मला कसा झाला?' याला मी सरळ सांगितलं, आईकडून आला, तिला स्वतःला ठाऊक नव्हतं, तिची चूक नाही आणि तुझीही नाही. मेलेल्या आईबापाला बोल लावणाऱ्याला घरात गप्प करा, मग तो थोरला का असेना. पोरगं ते शब्द जन्मभर धरून बसतं.

'मी मरणार काय?' हा प्रश्न टाळू नका. औषध न चुकता घेणारी माणसं म्हातारी होतात, लग्न करतात, त्यांना निरोगी मुलंही होतात, हे स्पष्ट सांगा. एका ताटात जेवल्यानं, कबड्डी खेळल्यानं, मिठी मारल्यानं हा पसरत नाही, हेही.

मित्रांना सांगायची घाई नको, सांगायच्या आधी घरी बोलायचं, असं ठरवून घ्या. २०१७ च्या कायद्यानं एचआयव्हीमुळं शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

ऐकून रडला नाही म्हणजे पचलं असं धरू नका. पुढचे काही आठवडे गोळी समोर बसून द्या, डबीतल्या उरलेल्या मोजा. चुकवायला लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता सेंटरला घेऊन जा. जाणं जमत नसेल तर १०९७ या एड्सच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा, पैसे पडत नाहीत.