एएनपी सोडियमचं नेमकं काय करतं? एका पेशीचं चित्र काढून शिका

शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात एएनपीबद्दल (एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, हृदयातून सुटणारं हार्मोन) विचारलं की बहुतेक मुलं सांगतात, "मॅडम, ते सोडियम बाहेर टाकतं." मी तिथेच थांबवते. एएनपी सोडियमला बाहेर ढकलत नाही. मूत्रपिंडात गाळून आलेलं सोडियम रक्तात परत जायला निघालेलं असतं, ती वाट ते अडवतं. हे पक्कं व्हायला चित्रच काढावं.

कोरा कागद आडवा घ्या. संग्राहक नलिकेच्या (मूत्रपिंडातल्या, लघवी गोळा करणाऱ्या शेवटच्या नळीच्या) सर्वांत आतल्या भागातली एक पेशी घ्या, तिचा मोठा चौकोन मधोमध काढा. डावीकडे नलिकेची पोकळी, उजवीकडे रक्त. शेवटपर्यंत बाजू बदलू नका, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो.

आधी हार्मोन बाजूला ठेवा. निळ्या पेनाने सोडियमचा रोजचा प्रवास दाखवा. उजव्या भिंतीवर सोडियम-पोटॅशियम पंप: दर फेरीला ३ सोडियम रक्ताकडे, २ पोटॅशियम आत, खर्च १ एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू). पंपामुळे पेशीतलं सोडियम कमी राहतं, म्हणून डाव्या भिंतीतल्या चॅनेलमधून ते आपसूक आत शिरतं. अमिलोराइड हे लघवी वाढवणारं औषध हीच डावी वाट अडवतं, तेही तिथे लिहा. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त सोडियम परत घेतलं जातं. संग्राहक नलिकेचा त्यातला वाटा लहान, पण लघवीतून किती सोडियम जाणार हे अखेरीस तिथेच ठरतं.

आता लाल पेन. रक्ताचं आकारमान वाढलं की हृदयाची अलिंदं (वरचे कप्पे) ताणली जातात आणि २८ अमिनो आम्लांचं एएनपी रक्तात सोडतात. ते उजवीकडून येतं, म्हणून त्याचा रिसेप्टर, एनपीआर-ए, उजव्या भिंतीवरच काढा. इथे सावध राहा: अ‍ॅड्रेनलिनच्या सवयीने मुलं जी-प्रोटीन (रिसेप्टरचा निरोप पुढे नेणारं मधलं प्रथिन) काढतात, ते इथे नाही. रिसेप्टरचा पेशीच्या आतला भाग स्वतःच ग्वानिलेट सायक्लेज हे एन्झाइम आहे. जीटीपीपासून तो सायक्लिक जीएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप नेणारा रेणू, बनवतो.

सायक्लिक जीएमपीपासून डाव्या भिंतीकडे दोन बाण काढा. एक थेट चॅनेलवर, दुसरा प्रोटीन कायनेज-जी या एन्झाइममार्फत. दोन्हींचा परिणाम एकच, चॅनेल मिटतं. उजवीकडचा पंपही मंदावतो. आता निळा बाण खोडून पाहा: सोडियम पोकळीतच राहिलं, पाणीही त्याच्यासोबत राहिलं, लघवी वाढली. निरोप रक्ताच्या बाजूने आला आणि दार पलीकडच्या भिंतीतलं मिटलं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

कागदाच्या कोपऱ्यात ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ, काढा. तिथे आत येणारी धमनिका रुंदावते, बाहेर जाणारी आकसते, त्यामुळे गाळणं वाढतं. शरीरात सोडियम धरून ठेवायला लावणारे रेनिन आणि अल्डोस्टेरॉन कमी होतात, एवढी नोंद पुरे.

हे सगळं उलगडायला सुरुवात झाली ती १९८१ मध्ये. कॅनडात अडोल्फो द बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांच्या शिरेत दिला, आणि सोडियमचं उत्सर्जन ३० पटींहून जास्त वाढलं. निलयांच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या) अर्काने तसं झालं नाही. हृदय हार्मोन बनवणारा अवयवही आहे, हे यातून पुढे आलं. मुलांनी हा प्रयोग जरूर वाचावा. नियंत्रण गट कशासाठी ठेवायचा, हे यातून चांगलं कळतं.

शेवटी निरोप पुसणारे दाखवा, हेच बहुतेक चित्रांत राहून जातं. एनपीआर-सी हा रिसेप्टर हार्मोनला पेशीत ओढून नष्ट करतो, नेप्रिलायसिन हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं, आणि पेशीच्या आत फॉस्फोडायएस्टरेज सायक्लिक जीएमपी संपवतं. हृदय निकामी होत असलेल्या रुग्णांना दिलं जाणारं सॅक्युबिट्रिल नेप्रिलायसिनला रोखतं. पण नेप्रिलायसिन रक्तवाहिन्या आकसवणारं अँजिओटेन्सिन-२ देखील तोडतं, म्हणून सोबत त्याचा परिणाम रोखणारं व्हालसार्टन द्यावं लागतं.

चित्र पूर्ण झालं का, हे एका प्रश्नाने तपासा. सॅक्युबिट्रिल घेणाऱ्या रुग्णाच्या हृदयावरचा ताण मोजायला बीएनपीपेक्षा (एएनपीसारखंच हृदयातलं हार्मोन) एनटी-प्रोबीएनपी (बीएनपी बनताना सुटणारा तुकडा) का बरं? नेप्रिलायसिन बीएनपी तोडतं, त्यामुळे औषधाने बीएनपी वाढू शकतं. एनटी-प्रोबीएनपीला नेप्रिलायसिन तोडत नाही, म्हणून त्याचा आकडा हृदयाबद्दलच सांगतो.