आजारी बेट्टा घरी आणल्यावर: आधी पाणी, मग औषध

दुकानातल्या लहानशा पेल्यातून किंवा कोणी दुर्लक्षित ठेवलेल्या टाकीतून सोडवून आणलेला बेट्टा मासा आजारी दिसतो, तेव्हा त्याच्या आजाराचे मूळ बहुतेक वेळा गार आणि फार दिवस न बदललेल्या पाण्यात असते. परांची कुज, अंगावरचे पांढरे ठिपके किंवा फुगलेले पोट ही लक्षणे पुष्कळदा नंतरची असतात. अशा पाण्यात साठणाऱ्या अमोनियाने कल्ले आधीच भाजलेले असतात, थंडीने पचन मंदावलेले असते, आणि अशा दुबळ्या शरीरात एरवी निरुपद्रवी असलेले जिवाणूही शिरकाव करतात. म्हणून मासा घरी आल्याबरोबर दोन-तीन औषधे एकत्र टाकण्याची घाई करू नये. आधी पाणी सुधारावे, माशाला विसावा द्यावा, लक्षणे नीट पाहावीत आणि त्यानंतरच औषधाचा विचार करावा, हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या क्रमाला मोजके अपवाद आहेत आणि ते पुढे येतील.

उपचाराची टाकी

आजारी माशाला थेट मुख्य टाकीत सोडू नये, मग त्या टाकीत दुसरे मासे असोत वा नसोत. आठ ते दहा लिटर पाणी मावेल अशी काचेची किंवा खाद्यपदार्थांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकची स्वच्छ टाकी उपचाराला पुरते. तळाशी वाळू किंवा खडे घालू नयेत, कारण मोकळ्या तळावर विष्ठा आणि न खाल्लेले अन्न लगेच दिसते आणि रोज काढता येते. पाण्याची खोली पंधरा ते वीस सेंटिमीटरच ठेवावी. बेट्टाला कल्ल्यांखेरीज लॅबिरिंथ नावाचा आणखी एक श्वसनाचा अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो; अशक्त माशाला खोल पाण्यातून पुन्हा पुन्हा वर येणे जड जाते. पृष्ठभागाच्या किंचित खाली एखादे रुंद मऊ पान अडकवून ठेवले तर त्यावर टेकून त्याला विश्रांती घेता येते.

टाकीवर झाकण हवेच. बेट्टा उडी मारतो हे त्याचे एक कारण. दुसरे असे की झाकणाखालची हवा पाण्याइतकीच उबदार आणि दमट राहते. झाकणाला हवा खेळण्यापुरती फट मात्र असावी. टाकीच्या तीन बाजू कागदाने झाकाव्यात, म्हणजे काचेतल्या प्रतिबिंबावर धावून जाण्यात माशाची शक्ती वाया जात नाही.

थर्मोस्टॅट असलेला हीटर आणि थर्मामीटर या दोन वस्तूंवर काटकसर करू नये. बेट्टाला २५ ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते आणि उपचाराच्या काळात ते २६ ते २७ अंशांवर स्थिर ठेवणे सोयीचे असते. एवढ्या टाकीला पंचवीस वॅटचा हीटर साधारणपणे पुरतो. हीटरच्या तबकडीवरचा आकडा आणि पाण्याचे खरे तापमान यांत फरक असू शकतो, म्हणून विश्वास थर्मामीटरवर ठेवावा.

फिल्टर असल्यास हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आणि तोही अगदी मंद ठेवावा, कारण लांब परांचा मासा प्रवाहात लवकर थकतो. नव्या स्पंजात अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू नसतात. त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि आजारी माशाला तेवढी वाट पाहता येत नाही. घरात दुसरी निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्यातला मुरलेला, म्हणजे हे जिवाणू वाढलेला, स्पंज उपचाराच्या टाकीत आणावा, मात्र तो पुन्हा मूळ टाकीत नेऊ नये. जाळी, नळी आणि बादलीही या टाकीसाठी वेगळी असावी. हातावर जखम असेल तर हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण माशांमधला मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू जखमेतून माणसाच्या त्वचेत शिरू शकतो.

पाणी

नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करते. पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्यास क्लोरीन बऱ्याच अंशी उडून जाते, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग) तसे उडत नाही. म्हणून माशांच्या पाण्यासाठी मिळणारे क्लोरीननाशक द्रावण वापरणे अधिक खात्रीचे असते. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, ६.५ ते ७.५ च्या दरम्यान असला तर उत्तम, पण तो थोडा इकडेतिकडे असला म्हणून रसायने टाकून बदलू नये. बेट्टा थोड्या वेगळ्या पीएचला जुळवून घेतो. रोज वरखाली होणारा पीएच मात्र त्याला सोसत नाही.

अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही शून्यावर हवेत आणि नायट्रेट शक्यतो २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) खाली असावे. मुरलेला फिल्टर नसेल तर रोज निम्मे पाणी बदलणे हाच उपाय आहे. द्रव टेस्ट किटने रोज अमोनिया तपासावा आणि तो ०.२५ पीपीएम दिसला तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच वेळी पाणी बदलावे. नवे पाणी जुन्याच्या तापमानाचे असावे आणि ते भिंतीच्या कडेने हळूहळू ओतावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण परांची सौम्य कुज केवळ एवढ्याने भरून येते.

मासा टाकीत सोडताना एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. बंद पिशवीत किंवा पेल्यात राहिलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे तिथला अमोनिया बराचसा कमी घातक अशा अमोनियमच्या रूपात असतो. पिशवी उघडली, नवे पाणी मिसळू लागले, की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पीएच ७ वरून ८ वर गेला तर विषारी अमोनियाचा अंश जवळजवळ दहापट होतो. म्हणून घाण पाण्यातून आलेल्या माशाला तासन्‌तास थेंबथेंब पाणी देत बसू नये. पिशवी टाकीत तरंगत ठेवून पंधरा-वीस मिनिटांत तापमान जुळवावे, त्यानंतर थोडे थोडे टाकीतले पाणी तीन-चार वेळा घालावे आणि अर्ध्या तासाच्या आत मासा लहान पेल्याने उचलून टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत जाऊ देऊ नये. मासा फार गार पाण्यातून आला असेल तर टाकीचे तापमान सुरुवातीला त्याच्या पाण्याइतकेच ठेवून तासाला एका अंशापेक्षा जास्त नाही, अशा वेगाने वाढवावे.

लक्षणे ओळखताना

पहिला दिवस दिवा मंद ठेवावा आणि माशाला हात लावू नये. दुसऱ्या दिवसापासून रोज ठरावीक वेळी त्याचे निरीक्षण करून एका वहीत नोंद ठेवावी: पर मिटलेले आहेत की पसरलेले, कल्ल्यांची हालचाल किती वेगाने होते, तो पृष्ठभागावर अडकून राहतो की तळाशी, खातो का, विष्ठा कशी आहे. एकदा समोरून आणि एकदा वरून पाहावे, कारण काही लक्षणे वरूनच दिसतात.

परांची कुज असल्यास पराची कड झिजलेली, काळपट किंवा लालसर दिसते आणि झीज हळूहळू शरीराकडे सरकते. टोकदार प्लास्टिकच्या झाडाला अडकून फाटलेल्या पराची चीर मात्र स्वच्छ असते आणि तिची कड रंग बदलत नाही. नव्याने वाढणारा पर सुरुवातीला पारदर्शक असतो; तो बुरशी समजून औषध टाकणारे पुष्कळ जण आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

अंगावर मिठाच्या कणांएवढे सुटे पांढरे ठिपके दिसले तर तो इक हा परजीवी असतो. औषध त्याच्या पोहत्या अवस्थेलाच मारते, त्वचेखाली बसलेल्याला नाही. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यानंतरही काही दिवस उपचार चालू ठेवावा लागतो. अंधारात टॉर्चचा झोत तिरका टाकल्यावर अंगावर बारीक सोनेरी थर चमकला तर तो वेल्व्हेट असतो. हा परजीवी काही प्रमाणात प्रकाशावर जगतो, त्यामुळे औषधाबरोबर टाकी झाकून अंधार केल्यास मदत होते. वेल्व्हेट कल्ले झपाट्याने बंद करतो, म्हणून त्याचा उपचार लांबवू नये.

सर्वांत फसवा आजार कॉलम्नॅरिस हा आहे. तोंडाभोवती किंवा पाठीवर करडा-पांढरा पट्टा उठतो आणि तो बुरशीसारखा दिसतो, पण असतो जिवाणूंचा. उबेत तो वेगाने पसरतो, म्हणून एरवी उपयोगी असलेली ऊब इथे घातक ठरते. तापमान सावकाश २४ अंशांपर्यंत उतरवावे आणि जलचरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाला तातडीने गाठावे. तीव्र स्वरूपात हा आजार एक-दोन दिवसांत मासा नेतो.

वरून पाहिल्यावर खवले उभे राहून अंगापासून सुटल्यासारखे दिसत असतील तर त्या अवस्थेला ड्रॉप्सी म्हणतात. मूत्रपिंडांचे काम थांबल्याने शरीरात पाणी साठल्याचे ते चिन्ह असते. खवले न उठता नुसतेच पोट फुगले असेल आणि मासा तिरका पोहत असेल तर बहुधा अतिआहार किंवा बद्धकोष्ठता असते, आणि ती बरी होण्याची शक्यता पुष्कळ असते.

मीठ आणि औषधे

मीठ उपयोगी आहे, पण ते सर्व आजारांवरचा उतारा नाही. आयोडीन किंवा गुठळ्या न होण्यासाठीचे पदार्थ न मिसळलेले साधे मीठ घ्यावे आणि चमच्याच्या अंदाजाऐवजी वजन करून वापरावे. लिटरला एक ग्रॅमपासून सुरुवात करून दोन दिवसांत गरजेप्रमाणे दोन ते तीन ग्रॅमपर्यंत न्यावे. मीठ वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून मगच टाकीत ओतावे. पाणी उडाले तरी मीठ मागे राहते, म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई बिनमिठाच्या पाण्याने करावी, आणि पाणी बदलताना जेवढे पाणी काढले तेवढ्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे. आठ-दहा दिवसांपलीकडे हा उपचार लांबवू नये. पाण्यात नायट्राइट असेल तर मिठातील क्लोराइड ते कल्ल्यांतून रक्तात शिरण्यास अडथळा करते, हा त्याचा वेगळा आणि खरा फायदा आहे. पोट फुगले असल्यास किंवा ड्रॉप्सीत एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला साधारण एक ग्रॅम या प्रमाणात देतात. हे आणि साधे मीठ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

देशी बदामाचे (टर्मिनॅलिया कटाप्पा या झाडाचे) वाळलेले पान पाण्यात टाकल्यास टॅनिन उतरून पाणी तपकिरी होते आणि मासा शांत होतो. ते जरूर वापरावे, पण त्याला औषधाचा पर्याय समजू नये.

एका वेळी एकच औषध द्यावे आणि फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा असेल तर तो काढून ठेवावा, अन्यथा कोळसा औषध शोषून घेतो. मिथिलिन ब्लू हे औषध फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारते. तांबेयुक्त औषधे गोगलगायी आणि कोळंबीला घातक असतात. म्हणूनच ही औषधे मुख्य टाकीत वापरू नयेत. प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत आणि ठरलेला कालावधी पूर्ण करावा, कारण अर्धवट दिलेल्या मात्रेतून औषधाला न जुमानणारे जिवाणू उरतात.

खाणे

पाणी गार असताना माशाचे पचन चालत नाही, म्हणून तापमान वर येईपर्यंत अन्न देऊ नये. पहिला दिवस उपाशी गेला तरी काहीही बिघडत नाही. नंतर दिवसातून दोनदा माशांच्या तयार खाद्याचे दोन किंवा तीन बारीक दाणे, भिजवून, द्यावेत. उपासमार झालेल्या माशाला एकदम पोटभर घालण्याचा मोह आवरावा लागतो. बेट्टा मांसाहारी आहे. दाणे नाकारले तर गोठवलेले आणि नंतर वितळवलेले डाफ्निया किंवा ब्राइन श्रिम्प हे बारीक जलजीव देऊन पाहावे. डाफ्नियाच्या कवचामुळे पोट साफ होण्यासही मदत होते. पोट फुगलेल्या माशाला दोन दिवस लंघन द्यावे. दहा-पंधरा मिनिटांत न खाल्लेले अन्न नळीने काढून टाकावे.

उतार पडत नसेल तर

ड्रॉप्सी वाढलेली असेल, मासा अनेक दिवस खात नसेल, एका कुशीवर पडून धापा टाकत असेल आणि पाणी, मीठ, औषध हे सारे योग्य असूनही फरक नसेल, तर त्याला कितपत ताणायचे याचा विचार प्रामाणिकपणे करावा लागतो. अशा वेळी पशुवैद्यकाशी बोलून वेदनारहित मृत्यूचा निर्णय घेणे ही क्रूरता नाही. माशाला गोठवण्याच्या कप्प्यात ठेवणे किंवा शौचालयात सोडणे मात्र टाळावे. त्यात जिवंत माशाचे हाल होतात.

बरा झाल्यावर

खाणे नियमित झाले, रंग परतला, पर पसरू लागले आणि नवी पारदर्शक कड दिसू लागली, तरी मासा लगेच हलवू नये. शेवटचे लक्षण गेल्यानंतर निदान चार आठवडे त्याला वेगळेच ठेवावे. पाण्यावर नर अंड्यांसाठी बांधतो ते फेसाचे घरटे दिसले म्हणून तो बरा झाला असे धरून चालू नये, कारण आजारी नरही घरटे बांधतात.

कायमच्या मुक्कामासाठी किमान वीस लिटरची, फिल्टर मुरलेली, हीटर असलेली टाकी तयार ठेवावी. तीत मऊ पानांची झाडे आणि लपायला आडोसा असावा, आणि दुसरा नर बेट्टा कधीही नसावा. स्थलांतराच्या दिवशी दोन्ही टाक्यांचे तापमान आणि पीएच मोजून जुळवावे, पहिल्या आठवड्यात अमोनिया रोज तपासावा आणि उपचाराची टाकी, जाळी व नळी निर्जंतुक करून, स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून मगच ठेवून द्यावी.