पिल्लाच्या बेंबीवरची गाठ: या चुका टाळा

अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाच्या बेंबीवर काळी खपली, वाळलेला दोरा किंवा ओलसर गाठ दिसली की पुष्कळांचा हात ती ओढून काढण्याकडे वळतो, आणि पिल्लू दगावण्यास अनेकदा हीच घाई कारण ठरते. कोंबडीच्या अंड्यात साधारण एकोणिसाव्या दिवसापासून उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो व त्यानंतर बेंबी मिटते. हे काम अर्धवट राहिले असेल, तर बाहेर दिसणारा दोरा आतल्या बलकाच्या पिशवीला जोडलेला असू शकतो, आणि तो ओढल्यास पोट उघडे पडते. असे पिल्लू इतरांनी टोचू नये म्हणून वेगळे, उबदार व कोरड्या जागी ठेवावे, बेंबीला पोव्हिडोन आयोडीन हलकेच लावावे आणि दोरा आपोआप गळू द्यावा.

बेंबीवरची खपली म्हणजे चिकटलेली विष्ठा समजून ती कोमट पाण्याने भिजवून काढणे, ही दुसरी चूक. विष्ठा चिकटते ती शेपटीखालच्या गुदद्वाराला. बेंबी त्याच्या पुढे, पोटावर असते. पिल्लू तळहातावर उताणे धरून पोटावरची लव बोटाने बाजूला केली की फरक लगेच कळतो: निरोगी बेंबी कोरडी, पूर्ण मिटलेली आणि बोटाला जवळजवळ न जाणवणारी असते.

एखाद्याच पिल्लात दोष असेल तर फार चिंता नको. परंतु निम्म्या पिल्लांच्या बेंब्या खराब असतील तर दोष उबवणीत शोधावा, औषधाच्या बाटलीत नव्हे. पंखा असलेल्या उबवणी यंत्रात तापमान ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस असावे. ते जास्त राहिल्यास पिल्ले वेळेआधी फुटतात आणि बेंबीवर बटणासारखी काळी खपली दिसते; तापमान कमी किंवा आर्द्रता जास्त राहिल्यास पिल्ले उशिरा, फुगीर व लिबलिबीत पोटाची निघतात. म्हणून यंत्राच्या आकड्यावर विसंबून न राहता दुसऱ्या खात्रीच्या थर्मामीटरने पडताळणी करावी. पहिले अठरा दिवस सुमारे ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता पुरते. शेण-मातीने माखलेली अंडी थंड पाण्याने धुऊन यंत्रात ठेवणे तर अतिशय घातक, कारण गार होऊन आकसताना अंडे कवचाच्या छिद्रांतून पाण्याबरोबर जंतूही आत ओढून घेते. घाणेरडी अंडी उबवणीला घेऊच नयेत.

पोट निळसर-लाल व फुगलेले, बेंबी ओली आणि दुर्गंधी येत असेल, तर तो बहुधा ई. कोलायसारख्या जंतूंचा संसर्ग असतो. असे पिल्लू क्वचितच वाचते. तरीही सगळ्या कळपाच्या पाण्यात अंदाजाने प्रतिजैविक मिसळू नये. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने ताजी मेलेली पिल्ले प्रयोगशाळेत तपासून घ्यावीत, बाकीची मृत पिल्ले चुना टाकून खोल पुरावीत, आणि पुढची अंडी लावण्यापूर्वी यंत्राच्या जाळ्या, तळ व पाण्याचे भांडे धुऊन, निर्जंतुक करून पूर्ण वाळू द्यावे.